जाळीबाहेर गप्प बसण्याचं काम

आमच्या घरात भातालाही तंबाखूचा वास यायचा. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका बिड्या वळायच्या, त्यामुळे असा काही वास आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलंच नव्हतं. आई सकाळी मांडीवर सूप घेऊन बसायची ती दिवेलागणीपर्यंत. भिजवलेली पानं पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वेटोळं, दोरा, की झाली बिडी. वडील यंत्रमागावर होते. माग बंद असला की घरी असायचे, पुढेपुढे घरीच असायचे. संध्याकाळी आई माल घेऊन कारखान्यात जायची. तिथला तपासनीस मूठभर बिड्या उचलायचा, बोटांत दाबून बघायचा आणि मनाला येईल तेवढ्या बाजूला फेकायचा. आई एक शब्द बोलायची नाही. बोललं की उद्या जास्त फेकतो, म्हणायची.

ह्या घरातून मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी, बायकांतही आणि पुरुषांतही. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

टेनिस मात्र ठरवून आलं नाही. कॉलेजात मातीचं एक कोर्ट होतं, त्यावर बहुतेक वेळा शेळ्या असायच्या. विद्यापीठाच्या स्पर्धेत मुलींच्या संघाला दोघी तरी लागायच्या. एका डॉक्टरांची मुलगी होती, ती टेनिस शिकलेली. दुसरी मिळेना. मग खेळाच्या सरांनी मला खो-खोच्या मैदानावरून उचललं. म्हणाले, "पळतेस बरी, हातही चपळ आहे. बाकीचं शिकता येतं." शिकले. पुढे बी. पी. एड. केलं. आई एकदाच माझी मॅच बघायला आली. गुण कसे मोजतात ते तिला ठाऊक नव्हतं, तिने विचारलंही नाही. डोक्यावर पदर घेऊन जाळीच्या बाहेर बसून राहिली. मी सपाटून हरले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हात दुखतो का गं?" तेव्हा मला राग आला होता. एवढं लांबून येऊन हेच विचारायचं?

मस्कतला मी शाळेतली पीटी टीचर म्हणून आले आणि नंतर अल हैलमधल्या एका टेनिस अकादमीत लागले. अकादमी म्हणजे घरांच्या मागे तीन कोर्टं, पत्र्याची एक शेड आणि पाण्याचा कूलर. मालक ओमानी, त्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. माणूस चांगला, पगार वेळेवर. शिकायला येणारी मुलं बरीचशी आपलीच, पुण्या-मुंबईकडची. मला मॅडम म्हणतात. आपापसात इंग्रजी बोलतात, माझ्याशी हिंदी, आणि फार लागलं तरच मराठी.

कोचचं काम म्हणजे कोर्टावर उभं राहून चेंडू भरवणं, असं लोकांना वाटतं. ते आहेच. त्याने माझा उजवा खांदा गेला, गुडघे गेले आणि कितीही क्रीम थापलं तरी चेहऱ्यावरचे डाग जात नाहीत. पण खरा कस लागतो तो स्पर्धेत, आणि तिथे कोचला काहीच करायचं नसतं. ज्युनियर मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात, त्यातली एक मस्कतला भरते. सुरुवातीच्या फेऱ्यांत खुर्चीवर पंच नसतो. चेंडू आपल्या बाजूला पडला की आत की बाहेर ते ज्याचं त्यानेच सांगायचं. एखादा अधिकारी कोर्टाकोर्टांमधून फिरत असतो, तंटा झाला तर बघायला. आणि जाळीच्या बाहेरून कोणी, म्हणजे कोचनेसुद्धा, सल्ला द्यायचा नाही. हल्ली हा नियम सैल केलाय म्हणतात. मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा तो कडक होता. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक पॉइंट समोरच्याला, त्यानंतर अख्खा गेम.

आपल्या मुलांना बाहेरच्या चेंडूला आउट म्हणायला शिकवणं हे माझं अर्धं आयुष्य झालं. म्हणत नाहीत असं नाही. "आउट," म्हणतात आणि लगेच, "सॉरी." समोरची मुलगी मग दुसऱ्या गेमपासूनच वाद घालायला लागते. घरात पाहुण्यांसमोर नीट वागायला शिकवलेलं असतं ना, त्याचा परिणाम. मी म्हणते, बोट वर कर, मोठ्याने आउट म्हण आणि पाठ फिरव. सॉरी घरी ठेवून ये. एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, थोडं सॉफ्टली नाही का सांगता येणार?" हीच बाई दिवाळीत मुलाला मॅचच्या आधी डबाभर चकल्या देऊन मोकळी झाली होती. दुसऱ्या सेटमध्ये त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला आम्ही खुर्चीसकट उचलून आणलं.

ह्या सगळ्यांत रेवा पराडकर सगळ्यात जास्त सॉरी म्हणणारी. तिचे वडील सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सचे इंजिनीअर. सोहारला टेनिसची धड सोय नाही, म्हणून गुरुवारी शाळा सुटली की ते तिला दोन तास गाडी चालवून अल हैलला आणायचे. शुक्रवार-शनिवार, सुट्टीचे दोन दिवस, ती माझ्याच फ्लॅटवर राहायची. सात वर्षांची होती तेव्हापासून. माझ्या हातची शेंगाची चटणी तिला इतकी तिखट लागायची की नाकातून पाणी यायचं, पण मागून घ्यायची. मराठी तिची अडखळत. वाक्य सुरू करायची मराठीत, मध्ये थांबायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत.

ती पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी पराडकरांच्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. त्यांच्या जागी ओमानी इंजिनीअर आला. घर आवरून महिन्याभरात पुण्याला जायचं ठरलं. मस्कतची स्पर्धा त्याच्या आदल्याच आठवड्यात होती. गाडीतून रेवाची बॅग काढता काढता पराडकर मला म्हणाले, "मॅडम, स्पष्टच बोलतो. ह्या स्पर्धेत तिच्या नावावर पॉइंट लागले, तर पुण्यात टेनिस चालू ठेवू. नाहीतर खलास. समोर दहावी आहे."

रेवा तिथेच उभी होती. रॅकेटच्या मुठीवरची टेप सोडून ती परत गुंडाळत होती.

पॉइंट म्हणजे काय ते सांगते. मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या खऱ्या फेऱ्यांत, एक मॅच जिंकली की मुलाच्या नावावर पहिले आंतरराष्ट्रीय गुण पडतात आणि जगभरच्या यादीत त्याचं नाव येतं. पार तळाला, पण येतं. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, एकाचंही नाव त्या यादीत गेलं नव्हतं. त्याच सुमारास अर्बाबने दोन कोर्टांवर पॅडलचे काचेचे पिंजरे बसवायचं ठरवलं होतं. पॅडल म्हणजे टेनिसचा छोटा, सोपा भाऊ. हल्ली आखातात सगळे तेच खेळतात. तिसऱ्या कोर्टाचंही इन्शाल्ला बघू, म्हणाला होता. इन्शाल्ला बघू म्हणजे काय हे इथे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मुख्य ड्रॉमध्ये जायला आधी पात्रता फेऱ्या जिंकायच्या होत्या. रेवा शेवटच्या पात्रता फेरीत हरली. शेवटच्या गेममध्ये समोरच्या मुलीचा एक चेंडू हातभर बाहेर पडला होता. रेवाने बोट वर केलं, समोरून जोरात "व्हॉट?" आलं, आणि हिने बोट खाली घेतलं. "सॉरी, सॉरी."

पराडकर बॅगा गाडीत टाकायला लागले. मी म्हटलं, "थांबा. अजून संपलेलं नाही."

शेवटच्या पात्रता फेरीत हरलेल्यांना एक मागचं दार असतं. मुख्य ड्रॉमधलं कोणी आजारी पडलं, कोणाचा पाय मुरगळला, तर त्यांच्यातल्या एकाला आत घेतात. त्याला लकी लूजर म्हणतात. अट एकच, त्या क्षणी तिथे हजर पाहिजे, तयार पाहिजे. म्हणून बूट घालून, अंग गरम करून बसून राहायचं. दुसऱ्याचं पोट बिघडण्याची वाट बघत एखाद्या पोरीला उन्हात बसवून ठेवणं हाही माझ्या धंद्याचाच भाग.

"किती वेळ बसायचं?" पराडकरांनी विचारलं.

"पहिली फेरी संपेपर्यंत."

"आणि कोणी आजारी पडलंच नाही तर?"

"तर घरी जायचं."

"हे काय लॉजिक झालं का, मॅडम?"

"लॉजिक नाही, नियम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. मी हमरियाच्या बाजारातून येताना केळी आणली होती, तीच जेवण. दर तासाला रेवाला उठवून भिंतीजवळ पळवायचं, चार चेंडू मारायचे, परत बसवायचं. पराडकर येरझाऱ्या घालत होते. रेवा मुठीवरची टेप सोडून परत गुंडाळत होती. दुपारी मी तिला म्हटलं, "कंटाळलीस?"

"नाही. पण मॅडम, असं विश करणं बॅड आहे ना? की कोणीतरी... सिक व्हावं?"

"आपण विश करत नाही. आपण फक्त बसलोय."

"बाबा करतायत."

ते करत होतेच. ड्रॉतली कोणतीही मुलगी समोरून गेली की तिच्या चालण्याकडे बघायचे.

उन्हं कलायला लागल्यावर ऑफिसातून हाक आली. एका मुलीला ताप भरला होता. रेवाला पाच मिनिटांत कोर्टावर जायचं होतं. समोर उझबेकिस्तानची उंच, खांद्याने भक्कम मुलगी. मी रेवाच्या टोपीची कड सरळ केली आणि म्हटलं, "बोट, आवाज, पाठ."

"बोट, आवाज, पाठ," ती म्हणाली आणि गेली. तिथून पुढे माझं काम संपलं. आता फक्त बसायचं.

पराडकरांनाही मी बजावलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांनी मान हलवली. पण पहिल्या सेटमध्ये रेवा मागे पडायला लागली तशी त्यांची मान हलायची थांबली. मध्येच टाळ्या वाजवत, प्रोत्साहन दिल्यासारखं हसत, ते मोठ्याने म्हणाले, "शाब्बास! तिच्या डाव्या बाजूला टाक, तिकडे ती लंगडी आहे! लांब टाक, पुढे येऊ नकोस!"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मला हळूच म्हणाले, "मराठीत बोललो, मॅडम. इथे कोणाला कळतंय?"

शेजारच्या कोर्टामागून पांढरी टोपी घातलेले, जाडसर बांध्याचे एक अधिकारी सावकाश चालत आले. त्यांचा चेहरा बघून आम्हाला ते कुठले ते सांगता आलं नसतं. त्यांनी आधी कोर्टाकडे तोंड करून इंग्रजीत जाहीर केलं की मिस पराडकर यांना बाहेरून सल्ला मिळाल्याबद्दल ताकीद. मग पराडकरांकडे वळले.

पराडकर म्हणाले, "आय वॉज ओन्ली एन्करेजिंग हर."

"दादा," ते म्हणाले, "डाव्या बाजूला टाक, लांब टाक, पुढे येऊ नको. ह्याला आमच्या म्हसळ्यात एन्करेज नाय म्हणत."

सलीमभाई त्यांचं नाव. घरचे रायगडातल्या म्हसळ्याचे, मस्कतच्या रुवी भागात टायरचा मोठा व्यापार. पंचगिरी ते हौसेने करायचे, रीतसर परीक्षा देऊन. त्यांची गाडी पराडकरांच्या गाडीपेक्षा मोठी होती, ती मी पार्किंगमध्ये नंतर बघितली.

"परत बोललात तर पॉइंट जाईल पोरीचा," ते म्हणाले. "मराठीत बोला, मालवणीत बोला, मला सगळं समजताय."

खरी गंमत पुढेच आहे. सेट हरल्यावर रेवा पाणी प्यायला जाळीजवळच्या बाकावर आली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. बाबा घाईघाईत मराठीत काय म्हणाले होते ते तिला कळलंच नव्हतं. जिला कळायला हवं होतं तिला नाही, आणि त्या मैदानात ज्याला कळायला नको होतं, नेमकं त्यालाच कळलं होतं. मला काही सांगता येईना. मी फक्त टोपीची कड सरळ करायची खूण केली, आणि हे तरी सल्ल्यात बसत नसेल ना म्हणून सलीमभाईंकडे बघितलं.

पराडकरांना मी चहाच्या टपरीवर नेलं. कपातला चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "मी आठ वर्षं गाडी चालवलीय, मॅडम. सोहार-मस्कत, मस्कत-सोहार. मला बोलायचा काही हक्क नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुम्हाला मुलं नाहीत म्हणून तुम्ही असं बोलू शकता."

मी माझा चहा पीत राहिले. बोललं की उद्या जास्त फेकतो, आई म्हणायची. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "सॉरी." बापही तसाच, लेकही तशीच.

आम्ही परत आलो तेव्हा रेवाने दुसरा सेट घेतला होता. आम्ही नसताना. पराडकरांनी फळ्यावरचे आकडे दोनदा वाचले. तिसऱ्या सेटमध्ये चार-चार झाले. रेवाची सर्व्हिस, तीस-तीस. समोरची मुलगी दमली होती, हीसुद्धा. पराडकर दोन्ही हातांनी जाळी धरून उभे होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी बघत होते की हा माणूस स्वतःला धरून ठेवतोय, आणि मला हेही दिसत होतं की ते त्याला जमणार नाही. रेवाची पहिली सर्व्हिस नेटला लागली. पराडकर ओरडले, "हळू टाक गं! नुसती आत टाक!"

सलीमभाई दोन कोर्टं पलीकडे होते. तरी वळले. एक पॉइंट समोरच्या मुलीला. तीस-चाळीस.

समोरच्या मुलीची आई बाकावरून अर्धवट उठली होती, ती हळूच खाली बसली. रेवा बेसलाइनवर उभी होती. तिने चेंडू दोनदा आपटला, खिशात ठेवला आणि सरळ जाळीपाशी चालत आली. दोन पॉइंटच्या मध्ये एवढा वेळ घ्यायला परवानगी नसते. घड्याळ लावलं असतं तर तिला आणखी एक शिक्षा बसली असती. सलीमभाई तोवर कोर्टाच्या कोपऱ्याशी आले होते. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेली नव्हती.

रेवा बाबांसमोर उभी राहिली. मध्ये जाळी. आणि ती मराठीत बोलली. हळूहळू, एकेक शब्द शोधून, पण पूर्ण मराठीत. मला वाटतं, ते सलीमभाईंनाही कळायला हवं होतं म्हणून.

"बाबा, तुम्ही गाडीत जाऊन बसा. तुमचा आवाज आला की मला... माझा हात चालत नाही. मी जिंकले तरी येऊन सांगेन. हरले तरी येऊन सांगेन. आता तुम्ही जा."

सॉरी म्हणाली नाही. वाट बघितली मी, पण नाही म्हणाली. पाठ फिरवून गेली.

पराडकर माझ्याकडे वळले, मी काहीतरी म्हणेन अशा आशेने. मी कोर्टाकडे बघत राहिले. ते गेले. पार्किंगमधून कोर्ट दिसत नाही, फक्त टाळ्या ऐकू येतात, आणि त्या कोणाच्या ते कळत नाही.

"प्ले, बाय," सलीमभाई म्हणाले आणि उठले.

तो गेम रेवा हरलीच. चार-पाच. आता आणखी एक गेम गेला की सगळं संपणार होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. पुढच्या गेममध्ये समोरच्या मुलीचा एक जोरकस फटका शेवटच्या रेषेच्या जेमतेम बाहेर पडला. रेवाचं बोट वर गेलं. "आउट."

"व्हॉट? आर यू शुअर?"

रेवा पाठ फिरवून पुढच्या पॉइंटच्या जागेवर जाऊन उभी राहिली होती.

तो गेम धरून पुढचे तिन्ही गेम तिने घेतले, सात-पाच. सुंदर खेळली असं मी म्हणणार नाही. दोघीही थकल्या होत्या, हिने एक चेंडू जास्त परत केला, एवढंच. शेवटचा पॉइंट समोरच्या मुलीने नेटमध्ये मारला. रेवाने हात मिळवला, बॅग उचलली, आणि माझ्याकडे न येता सरळ पार्किंगकडे निघाली. येऊन सांगेन म्हणाली होती ना.

मी मागून गेले नाही. लांबून दिसलं की पराडकर गाडीच्या बाहेर येऊन उभे आहेत. ती काहीतरी म्हणाली. त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग घेतली, मग तिचा उजवा हात हातात घेऊन मनगट दाबायला लागले. काय बोलले असतील ते मला ऐकू आलं नाही. मला माझी आई आठवली. एवढ्या वर्षांनी मला तिचा प्रश्न कळला, आणि सांगायला ती राहिलेली नाही.

सलीमभाई टोपी काढून घाम पुसत माझ्याशेजारी आले. "पोरगी बोलते बरी तुमची."

"खेळते म्हणा, सलीमभाई."

"खेळतात सगळीच," ते म्हणाले, आणि पुढच्या कोर्टाकडे गेले.

पुढच्या फेरीत रेवा तासाभरात हरली, एकच गेम मिळाला. पराडकर त्या मॅचला आलेच नाहीत. पार्किंगमध्ये गाडीत बसून होते, काचा वर करून. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "इथे बरं वाटतंय, मॅडम. सवय करतोय."

ते लोक पुण्याला गेले. अर्बाबच्या पॅडलच्या पिंजऱ्यांना दिवे लागले आणि तिथे गर्दी व्हायला लागली. तिसऱ्या कोर्टाचंही इन्शाल्ला झालं, म्हणजे तेही पॅडलला गेलं. मला त्याने पॅडल शिकवायला ठेवून घेतलं आहे, पगार तोच. मी शिकवते. खांद्याला त्रास कमी होतो, हे खरं आहे. शिकायला येणारे बहुतेक ऑफिसातून सुटलेले लोक. खूप हसतात, हरले तरी त्यांना काही वाटत नाही. त्यांना माझी गरज नाही, पण शिकवून घेतात बिचारे.

पराडकर अधूनमधून फोन करतात. दहावीच्या वर्षातही तिचं टेनिस त्यांनी थांबवलं नाही, शब्द पाळला. मॅचला जातो पण मैदानाबाहेर चहा पीत बसतो, म्हणाले.

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात यादी लागली. रेवा पराडकर, भारत. माझ्या कोर्टावर शिकलेल्या मुलांपैकी त्या यादीत गेलेलं ते एकच नाव आहे. पण गेलं.